बुटक्या स्टुलावरच्या अक्का

अक्कांनी मला सहा महिन्यांत एकदाही नावाने हाक मारली नाही. मी शिरपूरची, म्हणून मी 'शिरपूर'. माझ्याबरोबर शिकणारी, शेजारच्या खाटेवर झोपणारी 'साक्री', तिच्या पलीकडची 'यावल'. एकदा पारोळ्याच्या दोन मुली एकाच वेळी शिकायला आल्या, तेव्हा अक्कांनी 'जुनं पारोळा' आणि 'नवं पारोळा' अशी सोय केली, पण नावं काही विचारली नाहीत. याबद्दल कोणी बोललंच तर म्हणायच्या, "आजारी माणूस तुला नाव विचारतो का? आधी गाव विचारतो. गाव कळलं की तिथे त्याचा कोणीतरी पाहुणा निघतो, आणि मग तो बोलायला लागतो." हे मात्र खरं होतं. खानदेशातल्या कुठल्याही दोन माणसांना दहा मिनिटं शेजारी बसवा, नातं निघतंच.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावात मेहरूण तलावाकडे जाताना एका ट्रस्टचं छोटं शुश्रूषागृह होतं. मोठ्या दवाखान्यांनी 'आता घरी न्या' असं सांगितलेली माणसं तिथे येत. खाटा अकरा, म्हणून गावात त्याचं नावच 'अकरा खाटा' पडलं होतं. स्टेशनवर रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं की एरवी अखंड बडबडणारा माणूस मुकाट्याने आणून सोडायचा. मी नर्सिंग पास होऊन घरी बसले होते. कोणीतरी सांगितलं की तिथे सहा महिने शिकवतात आणि राहायला खोलीही देतात, म्हणून गेले. मरायला टेकलेल्या माणसाकडे कसं बघायचं, हे शिकायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, औषधं तर थांबलेली, मग यात शिकण्यासारखं उरलं काय?

शिकवणाऱ्या अक्काच. सरकारी दवाखान्यातून ट्यूटर सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. रोज सकाळी पिंप्राळ्याहून लुनावर यायच्या. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हँडलला लटकवलेली पिशवी. पिशवीत जेवणाचा डबा, गजराचं घड्याळ आणि ट्रान्झिस्टर. गजर दर चार तासांनी वाजायचा तो गोळ्यांसाठी. "पेशंट 'आई गं' म्हणाला म्हणजे आपल्याला उशीर झाला," असं त्यांचं म्हणणं. ट्रान्झिस्टर क्रिकेटसाठी. मॅच असली की प्रत्येक खाटेपाशी जाऊन स्कोअर सांगायच्या, ऐकणारा शुद्धीवर असो नसो. पाचव्या खाटेवरच्या एका म्हाताऱ्या आजींना क्रिकेट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. पण त्या रोज अक्कांना विचारायच्या, "आज आपला कोणी आऊट झाला का गं?" आणि नाही म्हटलं की निवांत डोळे मिटायच्या.

तिथली स्टुलं बुटकी होती. अक्कांनी आल्या आल्या सुताराला बोलावून सगळ्या स्टुलांचे पाय कापून घेतले होते. ट्रस्टींनी बरीच आदळआपट केली, चांगल्या सागवानी स्टुलांची वाट लावली म्हणून. अक्कांनी त्यांच्यातल्या सर्वांत जाड ट्रस्टींना खाटेवर आडवं व्हायला लावलं आणि स्वतः उशाशी ताठ उभ्या राहिल्या. "आता सांगा, माझ्याकडे बघून तुम्हाला काही खाजगी बोलावंसं वाटतं का?" त्या स्टुलावर बसलं की आपलं तोंड बरोबर पेशंटच्या उशीच्या उंचीला यायचं. गुडघे मात्र कानाला लागायचे. सहा महिन्यांनी आम्ही सगळ्या उकिडवं बसण्यात इतक्या तरबेज झालो की घरी गेल्यावर आई म्हणाली, नर्स होऊन आलीस की भाजी विकून आलीस?

पहिल्या दिवशी त्यांनी मलाही खाटेवर झोपवलं होतं. सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत हात-पाय हलवायचे नाहीत, काही लागलं तर मागायचं, मिळेलच असं नाही. अर्ध्या तासात नाकावर माशी बसली. साक्रीला म्हटलं, "माशी हाकल." ती "आलेच हं" म्हणून गेली ती गेलीच. दुपारी अक्कांनी विचारलं, "काय शिकलीस?" मी म्हटलं, "आलेच हं म्हणायचं नाही." त्या दिवशी आपल्या डब्यातली शेवभाजी त्यांनी मला वाढली. शाबासकी म्हणतात ती त्यांच्याकडून एवढीच मिळायची, आणि ती तिखट असायची.

त्यांचे नियम फार नव्हते. न विचारलेलं सांगायचं नाही. विचारलेलं खोटं सांगायचं नाही. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणायचं आणि उठून न जाता तिथेच बसून राहायचं. आणि चुकून खोटं बोललं गेलंच, तर ते जो बोलला त्यानेच, त्याच स्टुलावर बसून, सूर्य मावळायच्या आत परत घ्यायचं. याला त्या 'शब्द परत घेणं' म्हणायच्या. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांचीही यातून सुटका नव्हती. ते एकदा एका बाईंना जाता जाता "पुढच्या आठवड्यात चालायला लागाल" असं म्हणून गेले. स्कूटरला किक मारतात तोच अक्का समोर. डॉक्टर मुकाट्याने परत आले, गुडघे मुडपून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाई, मी मघाशी उगाच बोललो." बाई म्हणाल्या, "तरीच. मी म्हटलं, डॉक्टर माझे पाय न बघताच कसे बोलले?"

साक्रीची चूक याहून भारी होती. सात नंबरच्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली, माठाच्या पाण्याला मातीचा वास येतो. साक्री कामसू पोर. तिने अंगणातल्या तुळशीची चार पानं खुडली आणि त्यांच्या तांब्यात टाकली. थोड्या वेळाने त्यांची सून भेटायला आली, तिने सासऱ्याला पाणी पाजायला तांब्या उचलला, आत बघितलं आणि पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. तुळशीचं पाणी तोंडात घालतात ते कधी, हे काय सांगायला हवं? दुपारपर्यंत दोन ट्रॅक्टर भरून गाव आलं. बायांनी गेटापासूनच सूर लावला. सात नंबरचे म्हातारे तेव्हा उठून केळं खात बसले होते. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "कोन गया रे?"

अक्कांनी साक्रीला अंगणात निंबाखाली उभं केलं आणि सगळ्या गावाला सांगायला लावलं की तुळस वासासाठी होती. साक्री रडत रडत बोलली. म्हातारे पुढे दोन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी घरी गेले. जाताना साक्रीला म्हणाले, "पोरी, तुनामुळे बठ्ठं गाव भेटी गयं." अक्का मात्र त्या संध्याकाळी आम्हाला म्हणाल्या, "हसताय काय? पुस्तकातलं विसरलात तर मी शिकवीन. घरातलं विसरलात तर कोण शिकवणार?"

मी साक्रीला खूप हसले होते. माझी पाळी शिमगा झाल्यावर आली.

तीन नंबरच्या खाटेवर एक आबा होते, अमळनेरकडचे. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. त्यांच्या मुलाने पहिल्याच दिवशी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आबांना अल्सर म्हणून सांगितलंय. तेवढंच राहू द्या." अक्का म्हणाल्या, "आम्ही आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं सांगू, हे मी कबूल करत नाही." मुलाने त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं असावं.

आबांची मुलगी सुरतेला, उधन्यात दिलेली. जावई कापडाच्या लूमवर. वर्षातून एकदा ती माहेरी यायची, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. आमच्याकडे दिवाळी एकवेळ चुकेल, पण आखाजीला लेक माहेरी आली नाही तर बापाला गोड लागत नाही. झाडाला झोके बांधतात, पोरी दिवसभर गाणी म्हणत झुलतात, सांजोऱ्या खातात आणि सासरचं सगळं झाडाखाली ओकून जातात. आबा एका सकाळी मला म्हणाले, "बेटी, मना पोरगीले एक कार्ड लिखी दे. आखाजीले ये म्हना." मी कार्ड आणलं, लिहायला बसले. मधेच त्यांनी विचारलं, "आखाजीलगून मी घर जासू ना?"

त्यांचा चेहरा इतका साधा होता, आणि मी वीस वर्षांची होते. मी म्हटलं, "हो आबा. आखाजीला तुम्ही घरीच असाल." आणि तेही कार्डात लिहिलं. माझ्याच अक्षरात. संध्याकाळी पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी हे मोठ्या आनंदाने अक्कांना सांगितलं. अक्का माझ्याकडे आल्या. आवाज चढवला नाही, तो त्या कधीच चढवायच्या नाहीत.

"कार्ड टाकलंस?"

"काल टाकलं."

"आखाजीला अजून सव्वा महिना आहे. आबांचं काय वाटतं तुला?"

मला दिसत होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस म्हटले होते.

"शब्द परत घे."

"अक्का, पण त्यांचा मुलगा म्हणाला होता..."

"मुलाने तुला गप्प राहायला सांगितलं होतं. कार्ड लिहायला नव्हतं सांगितलं."

त्या दिवशी मी सूर्य मावळेपर्यंत चादरींच्या खोलीत घड्या घालत बसले. घातलेल्या घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या. बाहेर अंधारून आलं तेव्हा अक्का दारात उभ्या. "शिरपूर, सूर्य गेला," एवढंच म्हणाल्या आणि लुना काढून निघून गेल्या. मला वाटलं होतं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी आंघोळ करून आधी तीन नंबरकडे गेले. स्टूल ओढलं, बसले. म्हटलं, "आबा, मी परवा म्हटलं की आखाजीला तुम्ही घरी असाल. ते खोटं होतं. मला ठाऊक नव्हतं, तरी म्हटलं."

आबा छताकडे बघत राहिले. मला पळून जावंसं वाटत होतं. पण अक्कांनी शिकवलं होतं की आता जे काही बोलायचं ते पेशंटने, आपण नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आखाजीलगून मी टिकाव नही का?"

"डॉक्टरांना नाही वाटत, आबा."

"माले अंदाज व्हता. पन तू लिखं, म्हनीसन मी मानी लिधं." मग माझ्याकडे मान वळवून, "मंग त्या कार्डनं काय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्ड तर गेलं होतं. पोरीला ते मिळणार, ती आखाजीची वाट बघत बसणार. मी म्हटलं, "तार करू या." आबांनी हात हलवला. "तार नको धाडू. तार गयी म्हंजे बाप गया, असं समजी ती. वाटभर रडत येई." आणि तेही खरं होतं. तेव्हा गावाकडे तार म्हणजे एकच बातमी. उधन्याच्या त्या गल्लीत फोनही नव्हता.

अक्कांना सांगितलं. त्या ट्रान्झिस्टरचे सेल बदलत होत्या. म्हणाल्या, "शब्द दोन ठिकाणी गेलाय. एका ठिकाणाहून आणलास. दुसऱ्या ठिकाणाहून कोण आणणार? उद्या सकाळची सुरत पॅसेंजर आहे."

तेवढ्यात आबांचा मुलगा आला. आबांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो तडक अक्कांच्या अंगावरच आला. "तुम्ही लोकांनी माझ्या बापाला जिवंतपणी मारलं." अक्कांनी त्याला बोलू दिलं. बोलून थांबला तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बहिणीला ठाऊक आहे का?" त्याने नाही म्हणून मान हलवली. "ही पोर उद्या सुरतेला चाललीय. एकटी कधी जळगावच्या पुढे गेलेली नाही. तुम्ही सोबत गेलात तर बरं."

तो आला. पण अमळनेर गेलं, नंदुरबार गेलं, तरी माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. खिडकीबाहेर बघत बसला. नंदुरबारनंतर भजी घेतली, अर्धी कागदात बांधून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "तिला काय सांगायचं?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगणार?"

"बहीण माझी आहे. पण मला येणार नाही."

मग मी त्याला शिकवलं. भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचं नाही, तिच्यासमोर बसून बोलायचं. आधी आबा आहेत, हे सांगायचं. मग आखाजीपर्यंत नाहीत, हे सांगायचं. मग गप्प बसायचं. त्याने तीन-चारदा म्हणून बघितलं. समोरच्या बाकावरची एक गुजराती बाई आमच्याकडे टक लावून बघत होती, तिला आम्ही नाटकवाले वाटलो असणार. पुढे आयुष्यभर मी हेच शिकवत आले, नर्सना, वॉर्डबॉयना, एकदोन डॉक्टरांनाही. पण माझा पहिला विद्यार्थी तो, आणि तो पहिल्या झटक्यात पास झाला.

अवेळी आलेला भाऊ आणि मागे एक परकी पोर बघून बहिणीच्या हातातली परात खाली गेली. "आबा गया का?" तो तिच्या पुढ्यात जमिनीवरच बसला. "नही. आबा शेतस. पन आखाजीलगून नही टिकाव." आणि गप्प बसला. तीही बसली. फळीवर माझं कार्ड ठेवलेलं होतं, त्याच दिवशी आलेलं. मी ते मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत पोचलो. आबा दोनच दिवसांत फार उतरले होते. ग्लानीत होते, हाक मारली की अर्धे डोळे उघडायचे. उशाशी अक्का बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या आणि कापसाच्या बोळ्याने त्यांचे ओठ ओले करत होत्या. पोरगी कडेवरच्या लेकराला घेऊन तशीच खाटेपाशी वाकली. "आबा, मी उनू."

आबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, लेकराकडे बघितलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. म्हणाले, "आज आखाजी शे का?"

पोरीला काय बोलावं सुचेना. तिने भावाकडे बघितलं. भावाने माझ्याकडे बघितलं. मी अक्कांकडे.

"हो आबा," अक्का म्हणाल्या. "आज आखाजीच आहे."

मी हे माझ्या कानांनी ऐकलं. डॉक्टरांना स्कूटरवरून उतरवणाऱ्या अक्का. मला एका शब्दासाठी सुरतेला धाडणाऱ्या अक्का. एरवी मला हसू तरी आलं असतं, नाहीतर राग. पण खरं सांगते, त्या बाईवर माझा इतका जीव त्याआधी कधी जडला नव्हता.

"झोका बांधी लिधा का?" आबांनी विचारलं.

"बांधी लिधा, आबा. निंबले बांधी लिधा," पोरगी म्हणाली. आता तिला सुचलं.

मग आबांनी पुन्हा डोळे मिटले. पोरीने त्यांचा हात धरून ठेवला होता. मधेच ती हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती, आखाजीचंच असावं. चारच्या सुमाराला आबा गेले. गजर तेव्हाच वाजला, अक्कांनी तो बंद केला.

मुलाने मॅटाडोर आणली. पाचपर्यंत सगळी मंडळी आबांना घेऊन गावाकडे निघाली. जाताना मुलगा अक्कांच्या पाया पडायला वाकला, तर त्या म्हणाल्या, "माझ्या नको, उशीर होतोय, निघा." मी धुतलेली चादर आणायला आतल्या खोलीत गेले. परत आले तर तीन नंबरपाशी अक्का एकट्याच होत्या. रिकाम्या खाटेशी स्टूल ओढून, गुडघे वर घेऊन, तोंड उशीच्या उंचीला आणून बसलेल्या. मी दारातच थांबले.

"आबा," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आज आखाजी नव्हती. मी खोटं बोलले."

आणि आम्हाला शिकवलं होतं तशाच, उठून न जाता बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने मला बघितलं. "शिरपूर, चादर घाल," म्हणाल्या आणि घड्याळ पिशवीत टाकलं.

मी चादर घातली. खिडकीच्या गजांवर अजून ऊन होतं.